डब्याचे दिवे हिरवे, पण फोल्डर काय उघडेना

प्रश्न : नमस्कार सर. आमचा सांगलीत फोटो स्टुडिओ आहे, खाली दुकान वर घर. लग्नांचे फोटो ठेवायला तीन वर्षांपूर्वी दोन हार्ड डिस्कवाला नॅस (घरच्या नेटवर्कवर फाइली ठेवायचा डबा) घेतला, ज्या पोराने सगळं बसवून दिलं तो आता दुबईला. मागच्या आठवड्यात जुनं ब्रॉडबँड बंद करून फायबर घेतलं, राउटर नवीन आला, नेट जोरात पळतंय पण नॅस गायब. कॉम्प्युटरवर नॅसचं फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून दिसायचं, त्यावर आता लाल फुली येते. डब्याचे दिवे मात्र हिरवेच आहेत. एकजण म्हणतो मागचं बटण दाबून रीसेट मार, दुसरा म्हणतो डिस्क काढून थेट कॉम्प्युटरला लाव. सीझन तोंडावर आलाय, काय करू?

उत्तर : आधी त्या दोघांना चहा पाजून घरी पाठवा. नॅसमधल्या डिस्कवर बहुतेक वेळा लिनक्सची मांडणी असते, ती विंडोजला वाचता येत नाही, मग विंडोज विचारतं की डिस्क इनिशियलाइज करू का, फॉरमॅट करू का, आणि घाईत कुणीतरी हो दाबतं. रीसेटचंही तसंच, बऱ्याच डब्यांत थोडा वेळ दाबलं तर फक्त पासवर्ड आणि नेटवर्कचं सेटिंग मूळ जागी जातं, पण जास्त वेळ किंवा दोनदा दाबलं तर वेगळंच काहीतरी होऊ शकतं, त्यामुळे मॅन्युअल वाचल्याशिवाय त्या बटणाला हात नको.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला डबा ठणठणीत वाटतोय, फक्त तो अजून जुन्या गल्लीत राहतोय. त्या पोराने बहुतेक नॅसला कायमचा पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) दिला असणार, समजा १९२.१६८.१.५०. जुना राउटर १९२.१६८.१ वाली गल्ली चालवायचा, नवीन राउटरने १९२.१६८.० वाली सुरू केली. कॉम्प्युटरला पत्ता आपोआप मिळतो म्हणून तो नवीन गल्लीत आला, नॅसला कुणी सांगितलंच नाही. दोघं एकाच राउटरला जोडलेत तरी एकमेकांना हाक ऐकू जात नाही.

खात्री करायची तर कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडा, आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा, आत्ताचा पत्ता दिसेल. मग नेट यूज (net use) टाइप करा, झेड ड्राइव्ह कुठल्या पत्त्याला जोडलेला होता ते दिसतं (तिथे आकड्यांऐवजी डब्याचं नाव असेल तर कंपनीचं शोधायचं सॉफ्टवेअर टाका, सिनॉलॉजीचं असिस्टंट, क्यूनॅपचं क्यूफाइंडर वगैरे). दोन्हीतला तिसरा आकडा वेगळा निघाला की चोर सापडला.

आता दुरुस्ती. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, नॅसची केबल राउटरमधून काढून थेट लॅपटॉपला लावा, लॅपटॉपच्या केबलवाल्या नेटवर्क सेटिंगमध्ये हाताने पत्ता द्या १९२.१६८.१.१०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा ठेवला तरी चालतो. ब्राउझरमध्ये नॅसचा जुना पत्ता टाका, लॉगिनचं पान येईल, नसेल येत तर पत्त्यापुढे कोलन देऊन सिनॉलॉजीला ५००० आणि क्यूनॅपला ८०८० टाकून बघा. आत जाऊन नेटवर्कमध्ये पत्ता आपोआप घे असं करून सेव्ह करा. पान मध्येच अडकेल, घाबरू नका, पत्ता बदलतोय म्हणून. मग केबल परत राउटरला, लॅपटॉपचं सेटिंगही परत आपोआपवर (हे विसरलात तर तुमचं नेट बंद पडेल आणि शिव्या मला बसतील). शेवटी राउटरच्या पानावर जाऊन नॅससाठी एक पत्ता राखून ठेवा, त्याला डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात, आणि झेड ड्राइव्ह नवीन पत्त्यावर जोडा.

नॅसचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर भानगड वेगळी, म्हणजे त्याला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही. तेव्हा केबल आणि राउटरचं दुसरं पोर्ट बदलून बघा. मी स्वतः एकदा दोन तास सेटिंगं उकरत बसलो होतो आणि शेवटी निघाली केबलची तुटलेली क्लिप, हात लागला की कनेक्शन जायचं! आणि फायबरवाल्याचा डबा एक आणि तुमचा वायफाय राउटर दुसरा असं असेल तर नॅस आणि कॉम्प्युटर दोन्ही एकाच डब्याला लावा, बरेचदा तिथेच प्रश्न संपतो.

प्रश्न : नाशिक. मोबाइलवर नॅस मस्त उघडतो, नवीन विंडोज ११ लॅपटॉपवर मात्र पासवर्ड न विचारताच एरर येतो. नॅसला पासवर्ड ठेवलेलाच नाही, घरचीच तर माणसं.

उत्तर : तोच घोळ आहे. विंडोज ११ प्रो च्या २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज बिनपासवर्डच्या पाहुण्याला शेअर केलेल्या फोल्डरमध्ये जाऊ देत नाही. नॅसवर घरातल्या प्रत्येकाचं युजरनेम-पासवर्ड करा, लॅपटॉपवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुनी नोंद असेल तर उडवा, परत जोडा. डबा खूप जुना असेल आणि एसएमबी १ वरच (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची जुनी भाषा) बोलत असेल तर तेही अडणारच, विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटापासून ते बाय डिफॉल्ट येत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच दारातून घुसला होता. नेटवर लोक सांगतात एसएमबी १ परत चालू करा म्हणून, नका करू, नॅसमध्ये किमान एसएमबी २ ठेवा.

प्रश्न : पुणे. मुलगी न्यू जर्सीला असते, तिला नॅसवरचे घरचे फोटो बघायचेत. राउटरवर पोर्ट (बाहेरून नॅसपर्यंत यायचं दार) उघडून देऊ का?

उत्तर : नको. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने नेटवर उघडे पडलेले क्यूनॅपचे डबे शोधून फायली कुलूपबंद केल्या आणि बिटकॉइन मागितले. राउटरला व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित बोगदा) असेल तर त्यातून द्या, नसेल तर तिला हवे तेवढे अल्बम क्लाउडवर टाकून लिंक पाठवा.