पऱ्हाटीवर गॅसिफायर: सुरुवातीला एवढेच सांभाळा
पऱ्हाटी (कापसाच्या वाळलेल्या काड्या) बांधावर पेटवण्याऐवजी गॅसिफायरमध्ये, म्हणजे कमी हवेत तापवून जळाऊ वायू काढणाऱ्या भट्टीत, तिचा वायू करायचे ठरवलेत, हे उत्तम. तापताना काडीचे सगळे घटक एकाच वेळी विघटित होत नाहीत: तिच्या तीन मुख्य घटकांपैकी हेमिसेल्युलोज साधारण २२० ते ३१५ अंश सेल्सिअसला, सेल्युलोज ३१५ ते ४०० अंशांना झपाट्याने विघटित होते, तर लिग्निन ९०० अंशांपर्यंत रेंगाळत सर्वाधिक कोळसा मागे ठेवते. नवशिक्यांची पहिली चूक म्हणजे ओली पऱ्हाटी; ओलावा २० टक्क्यांवर गेला की उष्णता पाणी उडवण्यातच खर्ची पडते, भट्टी थंडावते आणि वायूतले डांबर (टार) वायूच्या नळीत चिकटते. माझी नळी पहिल्याच पावसाळ्यात अशी तुंबली होती. काडी वाकवताच कडकन मोडली पाहिजे. मुळांची काळी माती झटकून सारखे तुकडे करा. धानाचे तूस तूर्त नको. त्याची राख फार. वायूत गंधहीन पण विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून भट्टी गोठ्यात नव्हे, उघड्यावरच मांडा.