आशियाई देशांच्या जैवइंधन सहकार्यातून कोल्हापूरच्या ऊसपट्ट्याला काय मिळू शकते?

फायदा होऊ शकतो, पण तो इंधनाच्या आयात-निर्यातीतून नव्हे, तर एकमेकांच्या अनुभवातून होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. उसाचा रस काढल्यावर गिरणीतून निघालेल्या चिपाडात साधारण निम्मे पाणी असते. म्हणूनच आपल्या गुऱ्हाळांवर ते आवारात पसरून, उन्हात वाळवून मगच चुलवाणात घातले जाते. असा ओला, फुगीर माल दूरवर नेणे परवडत नाही, आणि साखर कारखाने त्यावर जागच्या जागी वाफ व वीज तयार करतात हेच योग्य आहे.

खरा प्रश्न पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांचा आहे. तोडणीनंतर ते अनेकदा शेतातच पेटवले जाते. थायलंडमध्येही ऊस जाळण्याचा प्रश्न मोठा असून, न जाळलेल्या उसासाठी तिथल्या सरकारने शेतकऱ्यांना अनुदान दिले आहे. पाचटाच्या गाठी बांधणे, वाहतूक आणि साठवण यांचा तिथला हिशेब आपल्याला थेट उपयोगी पडेल. अर्थात सगळे पाचट उचलू नये, कारण जमिनीचा सेंद्रिय कर्ब टिकायला त्याची मदत होते.

दुसरी गरज समान निकषांची आहे. जपान इंडोनेशिया व मलेशियातून पामच्या बियांची टरफले आणि व्हिएतनाममधून लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या (पेलेट) इंधनासाठी आयात करतो. या निर्यातदार देशांत त्यासाठी जंगलतोड होत नाही ना, हे तपासणारे नियम सर्व देशांनी मिळून ठरवायला हवेत. सप्टेंबर 2023 मध्ये नवी दिल्लीत जी-20 परिषदेच्या वेळी स्थापन झालेली जागतिक जैवइंधन आघाडी प्रामुख्याने द्रव इंधनांवर भर देते. पाचट-चिपाडासारख्या घन इंधनासाठी आशियाई ऊस उत्पादक देशांनी स्वतंत्रपणे एकत्र बसणे गरजेचे आहे.