मगर ‘आला’ की ‘आली’?

प्रश्न : आमचे कुटुंब चार पिढ्यांपासून बडोद्यात आहे. माझा साडेचार वर्षांचा नातू गुजराती बालमंदिरात जातो. घरी मराठी बोलतो, पण ‘मगर आला’ असे म्हणतो. त्याच्यासाठी मी छोट्या कविता रचते. मात्रा मोजून लिहिते, तरीही दोन ओळी झाल्या की तो उठून जातो. एक कविता पाठवीत आहे. माझे कोठे चुकते?

मगर शहाणी, शांत राहते,
उगाच नाही धावत ती;
बाळा, तूही धीर धरावा,
घाईने ये आपत्ती.

— एक आजी, बडोदे

उत्तर : आजी, मात्रांचा आपला हिशेब चोख आहे. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत आठ-आठ, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत आठ-सहा. शिवाय ‘उगाच नाही धावत ती’ ही ओळ हेवा वाटावा इतकी सहज उतरली आहे. नातू कोठे उठतो, हे आपणच लिहिले आहे. दोन ओळींनंतर मगर कवितेतून निघून जाते आणि तिच्या जागी आजी येऊन बसते. मग तोही निघतो. ‘आपत्ती’ हा शब्द त्याला कळत नाही हे खरेच, परंतु तो कळला असता तरी त्या ओळीचे त्याने काय करायचे होते? धावणे, लोळणे, जबडा उघडणे हे त्याला उभे राहून करून दाखवता येते. धीर धरणे करून दाखवता येत नाही. या वयातील कवितेत विशेषणांपेक्षा क्रियापदांना काम द्यावे, असे मी सुचवीन. आपल्या पहिल्या ओळीतील ‘शहाणी’ आणि ‘शांत’ ही विशेषणेसुद्धा मोठ्या माणसांच्या कौतुकाची आहेत.

बडोद्याच्या मुलांसाठी मगर हा चित्रातला प्राणी नाही, ही आपल्या हाताशी असलेली केवढी मोठी सोय आहे! विश्वामित्री नदीत त्या राहतात, पावसाळ्यात कधी रस्त्यावर येतात, आणि 2024 च्या ऑगस्टमधील पुरात तर त्या वस्त्यांमध्ये शिरल्या होत्या. मोठ्यांना त्याची भीती वाटते आणि ती योग्यच आहे; पण मुलाच्या मनात भीतीच्या शेजारी एक सरळ प्रश्नही असतो, की आता ही घरी परत कशी जाणार? कविता त्या प्रश्नापासून सुरू करून पाहावी. उदाहरणादाखल चार ओळी जुळवल्या आहेत :

मगर निघाली फिरायला,
चप्पल नव्हती पायाला;
हात दाखवुन रिक्षाला
म्हणते, “नेशिल घरी मला?”

येथे प्रत्येक ओळ आठ अधिक सहा मात्रांची आहे आणि शेवटी दोन मात्रांची विश्रांती मिळते. चार-चार मात्रांवर एक टाळी धरली, तर ओळीला चार टाळ्या पडतात आणि चौथी टाळी अर्धी शब्दावर, अर्धी विश्रांतीवर राहते. त्या मोकळ्या जागेत मूल हसते, श्वास घेते किंवा पुढची ओळ आपल्याआधी म्हणून टाकते, म्हणून ती भरण्याचा मोह टाळावा. ‘दाखवून’ आणि ‘नेशील’ यांतील एकेक अक्षर मी आखूड केले आहे. ही सवलत जुनी आहे, पण चार ओळींत दोनदा घेतल्याबद्दल मला थोडा संकोच वाटतोच.

आता ‘मगर आला’विषयी. नातू चुकतो असे म्हणण्यापेक्षा तो गुजराती बरोबर बोलतो असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. तेथे मगर पुल्लिंगीच आहे, आणि हिंदीतही. त्याला थांबवून दुरुस्ती करण्यापेक्षा क्रियापदांची रांग लावावी : मगर आली, मगर बसली, मगर हसली, मगर फसली. ‘बसला, हसला’ म्हटले तरी यमक जुळतेच, त्यामुळे यमकावर भिस्त ठेवता येणार नाही. परंतु तीच रांग रोज कानावर पडली, की ‘आला’ त्या लयीत त्याला स्वतःलाच खटकू लागेल.

प्रश्न : संक्रांतीच्या पतंगांवर मुलीसाठी बालगीत लिहीत आहे. पतंग कापला की गच्चीवरून उठणारी ‘कायपो छे’ ही गुजराती आरोळी त्यात ठेवावी, की मराठी पर्याय शोधावा?

— एक वाचक, बडोदे

उत्तर : ठेवावी. ‘कापला रे’ हे मराठी आहे, पण 14 जानेवारीला आपल्या गच्चीवर ते कोणी ओरडत नाही, आणि मुलीला ही उसनवारी लगेच ओळखू येईल. आजूबाजूची वाक्ये मात्र पक्की मराठी असू द्यावीत, म्हणजे आरोळी आरोळीसारखीच ऐकू येते. मात्रांची अडचण येईल : ‘कायपो छे’च्या सातच मात्रा होतात आणि आपल्याला आठ हव्या असतात. त्यासाठी शब्द शोधत बसू नये. उरलेली एक मात्रा मुले ‘छे’ लांबवून स्वतःच भरतात.