नवीन लिस्ट आली की आधी हे बघ

अगं, प्रकाशकांची पुढच्या सीझनच्या बालपुस्तकांची लिस्ट हातात आली की कव्हरवर भुलू नकोस, कोण कुणाच्या घरातली गोष्ट सांगतंय ते आधी बघ. १९८५ मधे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सीसीबीसी या बालपुस्तक केंद्राने मोजलं तेव्हा अमेरिकेतल्या साधारण २५०० बालपुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची फक्त १८ निघाली, १८! म्हणून आता आपल्याच घरातली गोष्ट सांगणाऱ्यांची पुस्तकं येणार म्हटलं की मला खरंच राहवत नाही. बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांचा १९९० चा आरसा-खिडकीवाला लेख वाचच, पुस्तक म्हणजे स्वतःला बघायचा आरसा आणि दुसऱ्याचं जग बघायची खिडकी, असं त्या सांगतात. आणि हो, न्यू जर्सीतल्या मराठी मुलीच्या इंग्रजी गोष्टीत 'आजी', 'पोळी' आलं तर ते शब्द इटॅलिक (तिरप्या अक्षरात) करू नकोस, मुलांना बरोबर कळतं. नुसत्या सणावारांच्या गोष्टी घेत बसू नकोस, मैत्रिणीशी भांडण, पहिलं प्रेम असलं काही आलं की मी तेच आधी वाचायला घेते.