बेडकांचा सर्व्हे करून पोट भरतं का?

प्रश्न : आम्ही ठाण्यात वसंत विहारला राहतो. मुलीने यंदा बारावी सायन्स दिली, नीटचे मार्क बेताचेच आहेत. गेल्या पावसाळ्यात ती निसर्गशिबिराला आंबोलीला जाऊन आली आणि तेव्हापासून ‘मला वर्षावनातल्या बेडकांचा सर्व्हे करायचाय’ हा एकच धोशा लावला आहे. तिचे बाबा विचारतात, बेडूक मोजून पोट भरतं का? मला तर रात्री-अपरात्री जंगलात जाण्याचीच जास्त धास्ती वाटते. काय करावं? – एक आई, ठाणे

उत्तर : नमस्कार ताई,

बाबांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते. पोट भरतं, पण उशिरा. नुसत्या बी.एस्सी.वर या क्षेत्रात धड नोकरी मिळत नाही, एम.एस्सी. करावीच लागते. त्यानंतर नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर २०२३पासूनच्या दराने महिना ३७ हजार रुपये आणि घरभाडं मिळतं. फेलोशिप नसेल तर संशोधन प्रकल्पांत काम मिळतं, पण पगार कमी आणि प्रकल्प संपला की नोकरीही संपते. पुढे झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, कॉलेजातली प्राध्यापकी किंवा वनसेवेच्या परीक्षा असे रस्ते आहेत. रस्ते, धरणं, खाणी यांच्या पर्यावरण परिणाम अहवालांसाठीही प्राणी ओळखू शकणारी माणसं लागतात. म्हणजे चोविशी-पंचविशीपर्यंत घराने तिला थोडा आधार द्यायला हवा. तेवढी तयारी आहे का, हे आधी तुम्ही दोघांनी बसून ठरवा. तिलाही त्या चर्चेत घ्या.

आता तिच्यासाठी. शिबिरात बेडूक बघणं आणि सर्व्हे करणं यात फार अंतर आहे. सर्व्हेत ओढ्याकाठची ठरावीक लांबीची पट्टी आखतात. अंधार पडल्यावर हेडलॅम्प लावून दोघं-तिघं त्या पट्टीतून अगदी सावकाश चालतात. झुडपातून ‘टिक टिक टिक’ ऐकू येतं, पण आवाज करणारा दिसत नाही. मग दोघं दोन बाजूंना उभं राहून आवाजाची दिशा धरतात आणि पान न् पान तपासतात. तो सापडला की जमिनीपासून किती उंचीवर होता, पान ओलं होतं की कोरडं, हवेचं तापमान, आर्द्रता, वेळ हे सगळं पेन्सिलीने टिपायचं, कारण पावसात पेनाची शाई पसरते. परवानगी असेल तरच त्याला ओल्या हाताने उचलायचं, व्हर्निअर कॅलिपरने तोंडापासून शेवटापर्यंतची लांबी मोजायची आणि होता तिथेच सोडायचं. हाताला डासांचं मलम अजिबात चालत नाही. बेडूक कातडीतून पाणी आणि प्राणवायूही घेतो, मलमही तसंच आत जातं. एका ओढ्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट धुऊन निर्जंतुक करावे लागतात, कारण १९९९ साली वर्णन झालेल्या कायट्रिड बुरशीने जगभरात बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या आहेत.

आणि ज्या रात्री काहीच सापडत नाही, त्या रात्रीचाही तक्ता भरावा लागतो. किती माणसांनी किती तास शोधलं आणि शून्य मिळालं, ही नोंद नसेल तर पुढच्या वर्षी बेडूक कमी झाले की वाढले, हे कुणालाच सांगता येणार नाही. माझ्या मते या कामाला बेडकांवरच्या प्रेमाइतकीच या चिकाटीची गरज आहे. ती तिच्यात आहे का, हे घरबसल्या ठरवू नका, तिला करून बघू द्या.

बेडूक म्हणजे डबकं, हे समीकरणही रानात फार काळ टिकत नाही. सह्याद्रीतल्या झुडपी बेडकांची पिल्लं अंड्यातूनच छोटे बेडूक होऊन बाहेर येतात, पाण्यात पोहणाऱ्या बेडूकमाशाची (टॅडपोलची) अवस्थाच नसते. त्यामुळे डबकी तपासत बसणाऱ्याला ही मंडळी दिसतच नाहीत, ती कानाने शोधावी लागतात. उलट तिने आंबोलीला कदाचित पाहिला असेल तो झँथोफ्रिन टायग्रिना हा भेक कातळसड्यावर पहिल्या पावसाने साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतो. ही जात आंबोली परिसराबाहेर कुठेच माहीत नाही आणि आज ती नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे. अशा जातीची मोजणी चुकली तर तिच्या संरक्षणाचे निर्णयही चुकतात. २०२३च्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. काम भरपूर आहे, ताई, आणि ते नीट करणारी माणसं थोडी आहेत.

तुमच्या धास्तीबद्दल. धोका नाही असं मी म्हणणार नाही. झुडपी बेडूक जिथे बसतो, तिथेच त्याला खायला चापडा हा विषारी साप दबा धरून असतो. म्हणून नियम कडक असतात : एकटं जायचं नाही, गमबूट घालायचे, बघितल्याशिवाय हात घालायचा नाही, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि जवळचं रुग्णालय आधीच माहीत हवं. कुठल्याही गटासोबत पाठवण्याआधी गटप्रमुख कोण, राहण्याची आणि टॉयलेटची सोय काय, गटात आणखी मुली आहेत का, हे तुम्ही बेधडक विचारा. नीट उत्तर न देणाऱ्या गटासोबत पाठवू नका. बाकी मुलगी म्हणून अडवू नका. २०१७ साली पश्चिम घाटातून रातबेडकांच्या सात नव्या जाती जगासमोर आल्या, त्या संशोधनात सोनाली गर्ग आघाडीवर होत्या. त्यातल्या काही जाती अंगठ्याच्या नखावर मावतील एवढ्याच आहेत.

अभ्यासाचं म्हणाल तर ठाण्यातच बांदोडकर कॉलेजात झूऑलॉजी घेता येईल, उगाच लांब जायची गरज नाही. सोबत संख्याशास्त्र हवंच. प्राण्यांच्या ओढीने आलेली मुलं नेमकी तिथे कच्ची राहतात आणि एम.एस्सी.च्या प्रवेशाला अडतात. एम.एस्सी.साठी डेहराडूनची वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस) ही सर्वांत चांगली ठिकाणं आहेत. जागा मोजक्या असतात आणि प्रवेश दरवर्षी निघतीलच असं नाही. पुण्यात गरवारे कॉलेजला बायोडायव्हर्सिटीचा अभ्यासक्रम आहे, तोही चांगला पर्याय आहे.

या पावसाळ्यात मात्र तिला आंबोलीला पाठवू नका. घराजवळच्या येऊरच्या जंगलातही नको, तिथे रात्री बिबटे फिरतात आणि परवानगीशिवाय जायचंही नाही. उपवन तलावाचा वर्दळीचा काठ, तुमच्या सोसायटीची बाग आणि गटारालगतची ओल एवढं पुरेसं आहे. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला एक संध्याकाळ, तीच वेळ, तीच जागा, तोच तक्ता. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून फोटोंसह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले की जाणकार ओळख पटवून देतात. पहिल्या एक-दोन फेऱ्यांना बाबांनी छत्री घेऊन तिच्याबरोबर जावं. ऑक्टोबरमध्ये तिची वही मला पाठवा. मधले आठवडे गाळलेले नसतील, तर पुढचं आपण बोलू.