ओव्हन नाही, लाईटचा भरवसा नाही. मग पेशीचं खाता येणारं मॉडेल कसं करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी आठवीत, शाळेत वनस्पतीपेशीचं खाता येणारं मॉडेल न्यायचंय, तुम्ही दापोलीच्या पुढे गावात राहता, शाळेपर्यंत एसटी, घरी ओव्हन नाही, आणि नेटवर सापडतं ते सगळं केक, क्रीम आणि रंगीत गोळ्यांचं.

मी वेंगुर्ल्याकडे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. म्हणजे असल्या मॉडेलना गुण देणारी मी. तेव्हा सांगते, केकचा नाद सोडा. क्रीमवर गोळ्या चिकटवलेलं मॉडेल समोर आलं की पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाबद्दल, तंतुकणिकेबद्दल, मी एकच विचारते, "तंतुकणिकेला हीच गोळी का गं?" उत्तर येतं, "बाई, लाल रंग उरला होता." जिन्नस रंगावरून नाही, गुणावरून निवडायचा. कोकणातल्या घरात असे जिन्नस एवढे आहेत की बाजारात फार जावं लागणार नाही.

आधी जेलीचं बघू, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. दुकानातली जिलेटिनची जेली आणू नका. जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात, म्हणजे वर्गातली काही मुलं तोंड लावणार नाहीत. शिवाय ते आपल्याकडच्या उकाड्यात पाघळतं, दापोली सुटायच्या आत डब्यात पाणी. चायना ग्रास घ्या. ते समुद्रशेवाळापासून होतं, 35-40 अंशांना घट्ट होतं आणि एकदा घट्ट झालं की 85 अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. फ्रीजशिवाय, नुसतं पंख्याखाली ठेवलं तरी जमतं. 10 ग्रॅमचं पाकीट अर्धा लिटर पाण्यात तासभर भिजत घाला, मग त्याच पाण्यात मंद आचेवर पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. धागा दिसता कामा नये. मग खाली उतरवून दोन भाग करा. एकात पेलाभर शहाळ्याचं पाणी आणि साखर, दुसऱ्यात अर्धा पेला अमृत कोकम, म्हणजे कोकमाचा साखरेतला गोड पाक. दोन्ही कोमट असू देत, गार ओतलंत तर गुठळ्या होतील. कोकम जेलीबरोबर उकळायचं मात्र नाही. आंबटपणाबरोबर उकळलं की चायना ग्रासची पकड सुटते आणि ताटात सरबत उरतं. आगळ, म्हणजे कोकमाचा नुसता रस, वापरू नका, त्यात मीठ असतं.

आता कोकमाची जेली कशाला, तर रिक्तिकेला, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीला. बहुतेक मॉडेलांत केंद्रक ऐटीत मधोमध आणि रिक्तिका कुठेतरी कोपऱ्यात वाटाण्याएवढी. ती प्राणीपेशीची सवय. पूर्ण वाढलेल्या वनस्पतीपेशीत रिक्तिका निम्म्याहून जास्त जागा अडवते आणि केंद्रकाला कडेला ढकलते. म्हणून कोकमाची जेली एका लांबट डब्यात वेगळी लावा आणि सबंध उपडी करून ताटात मधोमध ठेवा. एवढं केलंत तरी निम्मं मॉडेल बरोबर झालं म्हणून समजा.

लाल रंगालाही कारण आहे. आंब्याला पालवी फुटते तेव्हा कोवळी पानं तांबूस असतात ना? तो रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, ते पाण्यात विरघळतं आणि पेशीत साठतं ते रिक्तिकेतच. कोकमाचा लाल रंगही त्याच जातीचा. म्हणजे मुलीने वर पाटी लावायची, "आंब्याच्या कोवळ्या पानाची पेशी". कुठल्याही आयत्या मॉडेलवर अशी पाटी नसते. आणि तपासणाऱ्या बाईंना खूश करायचं असेल तर पातळ कोकम सरबताचा एक पेला शेजारी ठेवावा आणि त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून दाखवावा. फेस येतो आणि लाल जाऊन जांभळट-करडा रंग येतो, आम्ल-आम्लारीचा दर्शक आयताच. तो पेला प्यायचा नाही, एवढं बजावून ठेवा.

बाकीची मंडळी पटकन सांगते. साधारण 25 सेंमी लांब, काठाचं चौकोनी ताट घ्या. पेशीभित्तिकेला कडेने ओल्या खोबऱ्याच्या वड्या उभ्या लावा, कडक झालेल्या. चिक्की जास्त ताठ, पण आपल्या दमट हवेत ती तासाभरात चिकट होते. वड्यांना आतून फणसपोळीची पट्टी लावली की झालं प्रद्रव्यपटल: पातळ, लवचीक आणि भित्तिकेला आतून चिकटलेलं. तळाला शहाळ्याच्या जेलीचा बोटभर थर, तो पेशीद्रव. अर्धवट घट्ट झाला की त्यावर रिक्तिका. मग रिक्तिका आणि भित्तिका यांच्यामधल्या पट्ट्यात पेशीअंगकं बसवायची, आणि उरलेली कोमट जेली चमच्याने वरून सोडायची. खालचा थर त्याने वितळत नाही.

केंद्रक म्हणजे खोबऱ्याचा छोटा लाडू, अर्धा कापलेला, मध्ये काळी मनुका ही केंद्रकी. लाडू जेलीत बुडवू नका, वर ठेवा, नाहीतर विरघळेल. त्याला लागून आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे पेशीतलं पटलांचं जाळं, आणि तिला शिरवाळ्यांसारखं (तांदळाच्या ताज्या शेवया) दुसरं काही नाही. केंद्रकाच्या बाहेरच्या पटलाशी ही जालिका सलग जोडलेली असते, म्हणून शिरवाळे लाडवाला चिकटूनच निघाले पाहिजेत, लांब कुठेतरी पुंजका नको. निम्म्या शिरवाळ्यांवर खसखस भुरभुरा: ते रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, आणि ती खडबडीत जालिका. उरलेली गुळगुळीत. तुमच्याकडे शिरवाळे करत नसतील तर तांदळाच्या शेवया वाफवून घ्या. गॉल्गी संकुलाला आंब्याचं साठ, म्हणजे आंबापोळी: बोटाएवढ्या चार-पाच पट्ट्या कापून, किंचित वाकवून, एकावर एक. चपट्या पिशव्यांची चळत असते ती, आणि साठाच्या पट्ट्या बरोबर तशाच बसतात.

तंतुकणिकेला सगळे काजू घालतात. आकार जुळतो, पण मी बेदाणे घालीन. तंतुकणिकेच्या आतल्या पटलाला घड्या असतात, घड्यांमुळे ऊर्जा तयार करायला जागा जास्त मिळते, आणि सुरकुतलेला बेदाणा हातात धरून हे सांगता येतं. हरितलवकांना, म्हणजे पानाला हिरवा रंग देणाऱ्या अंगकांना, वडीचंच थोडं मिश्रण बाजूला काढून खाण्याचा हिरवा रंग घाला आणि काजूएवढे चपटे गोळे करा. लयकारिका, म्हणजे पेशीतला टाकाऊ माल पचवणाऱ्या पिशव्या, म्हणून डाळिंबाचे दाणे टाकायची पद्धत आहे, ते इथे नको. लयकारिका मुख्यतः प्राणीपेशीच्या, वनस्पतीत ते काम बरंचसं रिक्तिकाच उरकते.

एक हिशोब मुलीकडूनच करून घ्या. पानातली पेशी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी धरली, तर 25 सेंमीच्या ताटात आपण ती 5000 पट मोठी केली. त्या मापाने हरितलवक अडीच सेंमी, म्हणजे आपला हिरवा गोळा बरोबर. तंतुकणिका अर्धा ते एक सेंमी, म्हणजे बेदाणाही चालला. रायबोसोम मात्र मिलिमीटरच्या जेमतेम आठव्या भागाएवढा हवा. खसखशीचा दाणाही त्याच्यापुढे दांडगा. फणसपोळीचं तर बोलूच नका, खरं पटल या मापाने कागदाहूनही पातळ. हे सगळं एका कार्डावर "प्रमाणात नसलेल्या गोष्टी" म्हणून तिने स्वतःच्या अक्षरात लिहावं. बाईंनी चूक काढायच्या आत आपणच सांगून मोकळं व्हायचं.

नावांच्या चिठ्ठ्या टूथपिकला लावून पदार्थात खोचू नका. मुलं चिठ्ठी काढतात आणि तुटलेलं टोक आत राहतं. ताटाच्या काठाला चिठ्ठ्या चिकटवा आणि दोरा ओढून दाखवा. रात्री ताट पाणी घातलेल्या परातीत वाटीवर ठेवा, नाहीतर सकाळपर्यंत मुंग्या पेशीविभाजन उरकतील. नारळाचं दूध यात मुद्दाम कुठेच घेतलं नाही, ते उन्हात आंबतं. ओल्या खोबऱ्याच्या वड्याही आदल्या संध्याकाळीच करा, त्याआधी नको. एसटीत ताट मांडीवर आडवं, वरून दुसरं ताट उपडं घालून फडक्यात गाठ मारलेलं.

खायला म्हणून मॉडेल पुढे करू नका, ते दिवसभर सगळ्यांच्या बोटांखालून जातं. उरलेली कोकमाची जेली आणि वड्या वेगळ्या डब्यात द्या, आणि वर्गात कोणाला खोबरं-खसखस चालत नाही का, ते बाईंना आदल्या दिवशी फोन करून विचारा.