‘घसा दुखतोय’ म्हणायची भीती

“साथ चालू आहे आणि शाळा उघडतेय. पाठवू का नको?”

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न मला पहिल्यांदा कोविडच्या साथीत, २०२० च्या नोव्हेंबरात विचारला गेला, नववी ते बारावीचे वर्ग उघडायची चर्चा सुरू झाली तेव्हा. तो अजून थांबलेला नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी भागात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण सापडले, तेव्हाही पालकांचे फोन येत होते. हा आजार एका मुलाकडून दुसऱ्याला लागत नाही, संशय पाण्यावर आहे, हे मी सांगायचे. पालक ‘हो हो’ म्हणायचे आणि क्षणभर थांबून विचारायचे, “पण मॅडम, आम्ही पाठवलं आणि काही झालं तर?”

खरी काळजी या दुसऱ्या प्रश्नात असते. आजाराची भीती असतेच, पण तिच्या पोटात आणखी एक भीती असते: दोष माझ्यावर येईल. अशा वेळी मी एका मुलाची गोष्ट सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आपण त्याला ओम म्हणू.

डिसेंबर २०२१. राज्याने १ डिसेंबरपासून शहरांतले पहिली ते सातवीचे वर्गही उघडायला परवानगी दिली होती. पुण्यात मात्र ओमायक्रॉन या कोविडच्या नव्या प्रकाराच्या बातम्यांमुळे तारीख पुढे गेली आणि १६ डिसेंबर ठरली. ओम चौथीत होता. मार्च २०२० मध्ये, दुसरीत असताना, त्याने दप्तर ठेवलं होतं. मधली तिसरी त्याने मोबाइलवरच संपवली. एकवीस महिने तो वर्गात बसला नव्हता.

पहिल्यांदा त्याची आई एकटीच आली. खिडकीजवळची खुर्ची घेतली, पर्समधून शाळेचं संमतीपत्र काढलं आणि टेबलावर उलगडलं. चार घड्या घातलेला कागद इतक्या वेळा उघडला-मिटला होता की घडीच्या रेषांवर विरला होता. मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, दोन फोन नंबर, सगळं सुवाच्य अक्षरात भरलेलं. सहीची जागा तेवढी रिकामी.

“सगळं भरून झालंय. सहीच होत नाही.”

“सही केली तर काय होईल असं वाटतं?”

“त्याला होईल. त्याच्याकडून आईंना होईल.” आई म्हणजे तिच्या सासूबाई. “आमचे बाबा एप्रिलमध्ये गेले. आता आईंना काही झालं तर सगळे म्हणतील, हिनेच सही केली होती.”

‘असं काही होणार नाही हो’ हे वाक्य अशा वेळी अगदी ओठांवर येतं. ते मी कधीच बोलत नाही. मला तसं वचन देता येत नाही आणि समोरच्या बाईलाही ते माहीत असतं. म्हणून आधी हातातल्या गोष्टी मोजायला घेतल्या. सासूबाईंचे दोन्ही डोस झाले होते, हिचे आणि नवऱ्याचेही. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी तेव्हा लस नव्हती, त्यामुळे ‘लस येईपर्यंत थांबू’ या थांबण्याला तारीख नव्हती. शाळेने कळवलेलं नियोजन तिने वाचून दाखवलं: निम्मी मुलं एक दिवस, निम्मी दुसऱ्या दिवशी. एका बाकावर एक. तीन तासांची शाळा, मास्क, डबा आणायचा नाही. फाटकावर ताप मोजणार. शिक्षकांचे दोन्ही डोस झालेले. ज्यांना यायचं नाही त्यांच्यासाठी ऑनलाइन चालू.

नियोजन चांगलं होतं. मी विचारलं, “जाणार कसा?”

“रिक्षाकाका आहेत ना. पूर्वी आठ मुलं असायची, आता सहाच घेणार म्हणालेत.”

डिसेंबरची सकाळ, रिक्षाचे पडदे खाली सोडलेले आणि आत सहा मुलं मांडीला मांडी लावून. वर्गात बाकावर एकेक बसवायचं आणि वर्गापर्यंत असं न्यायचं. ती एकदम ताठ बसली. “हे लक्षातच नाही आलं. ह्यांना सांगते, स्कूटरवर सोडायला.” तासाभरात पहिल्यांदाच तिला करण्यासारखं काही सापडलं होतं, आणि तिचा आवाज बदलला. म्हणून मी प्रत्येक पालकाला शाळेबद्दल नेमके प्रश्न विचारायला सांगते. वर्गाच्या खिडक्या दोन्ही बाजूंना उघडतात का, मुलं कुठे आणि कधी मास्क काढणार, येण्या-जाण्यात कोणाबरोबर असणार. ‘सुरक्षित आहे ना?’ या प्रश्नाला शाळा ‘हो’ म्हणणार. त्या ‘हो’ने रात्रीची झोप येत नाही.

मग मी ताप मोजण्याच्या गनकडे वळले. ती गन फक्त ताप पकडते. ताप नसलेलं, नुसता घसा खवखवणारं मूल तिच्यासमोरून सरळ आत जातं, आणि कोविड तर लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरू शकतो. म्हणजे शाळेची सगळी आखणी शेवटी एका गोष्टीवर येते: बरं वाटत नसलेलं मूल त्या दिवशी घरी राहतं का. आणि ते सगळ्यात आधी कळतं मुलालाच.

“ओमला बरं नसलं तर तो सांगतो?”

“हल्ली आजारीच पडत नाही तो.” मग ती थांबली. “म्हणजे... जूनमध्ये रात्री खोकत होता. उशीत तोंड खुपसून. मी विचारलं तर म्हणाला, ठसका लागला.”

पुढच्या वेळी ओम आला. नऊ वर्षांचा, नाकावर मास्क नीट दाबून बसवलेला, हात मांडीवर. ऑनलाइन शाळाच बरी, असं त्याने न विचारताच सांगितलं. मी क्रिकेटचा विषय काढला.

“बॉल नाहीये.”

“आहे की गॅलरीत,” आई म्हणाली.

“तो नको.”

टेनिसचा बॉल होता. दुकानातल्या पिशवीत घालून, पिशवीला तीन गाठी मारून, गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे ठेवलेला. एप्रिलपासून. “मी सॅनिटायझर मारलं होतं. पण जात नाही,” ओम म्हणाला. काय जात नाही, ते त्याने सांगितलं नाही. मीही खोदलं नाही. मुलांना अशा वेळी घाई केली की ती मोठ्यांना आवडेल ते उत्तर देऊन मोकळी होतात.

तिसऱ्या भेटीत तो आपणहून बोलला. मार्चच्या शेवटी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो दोन-तीन संध्याकाळी खेळला होता. मग त्याला सर्दी झाली, मग आईला ताप, मग आजोबांना. बेड मिळेपर्यंत दीड दिवस गेला. आजोबा घरी परत आले नाहीत. त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला होता, स्पीकर चालू होता. “पोराला खाली सोडलंच कशाला?” एवढंच वाक्य. ओम दाराआड उभा होता.

त्या आत्याबद्दल माझ्या मनात राग नाही. ती परगावी अडकली होती, वडिलांचं शेवटचं तोंडही तिला पाहता आलं नाही. वैकुंठ स्मशानभूमीत ओमचे बाबा आणि काका दोघेच गेले होते. दुःखाला त्या दिवसांत बसायला जागा नव्हती, ते सापडेल त्याच्या डोक्यावर बसलं. पण नऊ वर्षांच्या मुलाने ते वाक्य आठ महिने सांभाळलं होतं आणि त्यातून आपला नियम काढला होता: आजारी पडलो तरी कोणाला कळू द्यायचं नाही. शाळेत गेलो तर आजारी पडू, म्हणून शाळा नको.

मोठ्यांसाठी वापरतो ती एक रीत मी त्याच्याबरोबर जरा सोपी करून केली. कोऱ्या कागदावर लिहायचं: सर्दी झाली त्याच्या आधीच्या चौदा दिवसांत घरातून कोण कोण, कुठे कुठे गेलं? आई मदतीला. बाबा ऑफिसात दोनदा, औषधांच्या दुकानात. आई बँकेत रोज. आजी भाजीला. आजोबा लशीच्या पहिल्या डोससाठी दोन तास रांगेत, शिवाय पेन्शनचं काम. दूधवाला, सिलिंडरवाला, लिफ्ट. कागद भरत आला तेव्हा पोळीसारखं एक मोठं वर्तुळ काढलं आणि एकेकाचा तुकडा पाडत गेलो. ओमचा तुकडा सगळ्यात शेवटी पाडायचा, हा या पद्धतीतला महत्त्वाचा भाग. आधी पाडला तर मूल अख्खी पोळी स्वतःच्या नावावर करून टाकतं.

तो बराच वेळ बघत राहिला. “म्हणजे कोणाकडूनही आला असेल?”

“हो. कोणाकडून ते कधीच कळणार नाही. आणि कोणीच मुद्दाम आणला नाही.”

यावर त्याची आई जे बोलली ते मी ठरवलेलं नव्हतं. “मला इतके दिवस वाटत होतं, मीच बँकेतून आणला,” ती म्हणाली. ओमने तिच्याकडे वळून पाहिलं. घरी गेल्यावर हा विषय निघाला तेव्हा आजींनी सांगितलं, त्यांना वाटत होतं भाजीच्या पिशवीतून आला. एकाच छताखाली आठ महिने जो तो आपल्यालाच दोषी धरून जेवत होता, आणि एकमेकांना त्रास नको म्हणून कोणी बोललं नव्हतं.

मग तयारी सुरू झाली. एका रविवारी बाबांबरोबर स्कूटरवरून शाळेच्या फाटकापर्यंत नुसतं जाऊन यायचं. घरात नाटक करायचं: बाबा आजारी, आणि ओमने त्यांना काय विचारायचं. यात मी एकच नियम घातला. घरात कोणीही ‘मला बरं नाही’ म्हटलं की पहिलं वाक्य ‘बरं केलंस सांगितलंस’ हेच असेल. ‘कुठे गेला होतास’, ‘मास्क काढला असशील’, ‘तरी सांगत होते’, यांतलं काहीही पहिल्यांदा येणार नाही. ऐकायला किरकोळ वाटतं. करून बघा, किती जड जातं ते. आपल्या घरांत मूल शिंकलं की पहिला उद्गार चौकशीचा असतो, आणि प्रेमानेच असतो. मुलाच्या कानाला मात्र ती उलटतपासणी वाटते.

शाळेतही एक गोष्ट अडली. मध्येच बरं वाटेनासं झालेल्या मुलासाठी जिन्याखालची खोली ठेवली होती आणि दारावर पाटी होती, ‘विलगीकरण कक्ष’. वरच्या वर्गातली मुलं ऑक्टोबरपासून येत होती, त्यांनी तिचं नाव ‘कोरोनाची खोली’ पाडलं होतं. ओमला शेजारच्या दादाकडून ते कळलं होतं. “तिथे टाकतात,” तो म्हणाला. आई बाईंशी बोलली. बाईंनी ऐकून घेतलं. पाटी बदलून ‘विश्रांती कक्ष’ झाली, खिडकीशी खुर्ची आली, आणि आत मूल असेल तर दारात एक ओळखीच्या बाई थांबतील असं ठरलं. सॅनिटायझरच्या दहा बाटल्यांपेक्षा मला त्या पाटीचं मोल जास्त वाटतं. ज्या शाळेत आजारी मुलाची जागा शिक्षेसारखी दिसते, तिथे कोणतंही मूल घसा दुखतोय म्हणून हात वर करणार नाही.

१४ डिसेंबरला सही झाली. १६ ला ओम गेला. दारात थोडं पोटात दुखलं, तरी गेला.

आणि तीन आठवड्यांत शाळा पुन्हा बंद! जानेवारी २०२२ ची लाट. आईचा फोन आला, आवाजात हताशपणा. “सगळी मेहनत पाण्यात गेली का? आणि मॅडम, त्याने काय विचारलं माहितीये? कोणामुळे बंद झाली?” जुनी जखम पटकन भरत नाही, हे अपेक्षित होतं. तिने त्याला काय उत्तर दिलं, असं मी विचारलं. “पोळी काढली,” ती म्हणाली. “या वेळी त्यानेच तुकडे पाडले.” त्यावर मला सांगण्यासारखं काही उरलं नाही.

शाळेच्या सकाळीच पोट दुखणं, आजी-आजोबांच्या खोलीत जायचं टाळणं, हाताची साल निघेपर्यंत धुणं, आजारपण लपवणं, हे आठवड्यांमागून आठवडे चाललं तर मूल हट्टी झालंय असं समजून सोडून देऊ नका. त्याच्या कानावर कुठलं वाक्य पडलंय ते शोधा, आणि एकट्याने जमत नसेल तर समुपदेशकाकडे या.

१ फेब्रुवारीला पुण्यातल्या शाळा पुन्हा उघडल्या. दुसऱ्याच आठवड्यात मला आईचा आवाजी मेसेज आला. सकाळी बूट घालता घालता ओम थांबला आणि म्हणाला, आई, घसा दुखतोय, आज शाळेत नाही जात. “माझ्या तोंडातून ‘काल काय खाल्लंस’ निघालंच होतं, आवरलं. ‘बरं केलंस सांगितलंस’ म्हटलं.” नंतर तपासणी केली, ती निगेटिव्ह आली, साधा घसा होता. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी त्याने बूट काढून जागेवर ठेवले, आजीच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि बाहेरूनच म्हणाला, “आजी, मला बरं नाहीये. मी आज लांब बसणार आहे.”

“बस. पण दार उघडं ठेव,” आजी आतून म्हणाली.